पऱ्हाटीवरचे क्ष-किरण

सर,

आज दुपारी डेस्कवर पुन्हा एका कृष्णविवराची बातमी आली. दूरच्या कुठल्याशा दीर्घिकेच्या मध्यभागी बसलेलं, आपल्या सूर्याच्या लाखो पट वजनाचं एक विवर. बरीच वर्षं ते गप्प होतं, म्हणजे आपल्या दुर्बिणींना तिथे काहीच हालचाल दिसत नव्हती, आणि आता झोपेतून उठल्यासारखं ते ठरावीक अंतरानं क्ष-किरणांचे भडके उडवतं आहे. का, ते नक्की कोणालाच माहीत नाही. मला संध्याकाळपर्यंत त्यावर अर्धं पान लिहून द्यायचं आहे. एवढी वर्षं या कामात काढल्यावर अर्धं पान म्हणजे काही विशेष नाही. पण अशी बातमी हातात आली की मी सगळ्यात आधी काय करते ते तुम्हाला सांगायला हवं. हे किरण जमिनीपर्यंत पोचतात असं मूळ मजकुरात कुठे लिहिलंय का, ते मी शोधते. कोणी लिहिलेलं नसतं. तरी शोधते. शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी म्हणाली, "मॅडम, दुर्बीण अवकाशात आहे म्हणजे खाली पोचत नसणारच ना." तिचं बरोबर आहे. तिनं राळेगाव पाहिलेलं नाही.

तुम्ही मला नववीत विज्ञान शिकवलंत, पण तुमची खरी ओळख झाली ती मी यवतमाळच्या पेपरात उपसंपादक म्हणून लागले तेव्हा. तुम्ही निवृत्त झाला होता आणि दर रविवारी चौथ्या पानावर तुमचं आकाशाचं सदर यायचं. मजकूर यायचा एसटीनं. तुम्ही राळेगावच्या स्टँडवर सकाळच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात पाकीट द्यायचात आणि मी यवतमाळच्या स्टँडवर ते घ्यायला उभी असायचे. कंडक्टर चाचा खाकी पिशवीतून पाकीट काढून म्हणायचे, "लो बेटा, आसमान आ गया. सूखा है, गीला मत करना." ते घेऊन मी ऑफिसात यायचे, आणि आधी पहिलं पान लावायचे. पहिल्या पानावर त्या वर्षांत काय असायचं ते तुम्हाला ठाऊकच आहे. खरेदी केंद्रापुढे उभ्या असलेल्या बैलबंड्या, कापसाचा भाव, मोर्चा, आणि रोजची ती आत्महत्येची काळी चौकट, जिच्यात फक्त गावाचं नाव बदलायचं. ती चौकट लावून झाली की मी तुमचं पाकीट फोडायचे. आमचे मुख्य वार्ताहर माझ्या टेबलापाशी येऊन टोमणा मारायचे, "खाली कापूस जळून राह्यला अन् मास्तर वरती शनीच्या कड्या पाहून राह्यले." एकदा मी ते तुम्हाला सांगितलं. तुम्हाला राग येईल असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "बरोबर बोलते तो. पण पेपरातली प्रत्येक ओळ वाचून माणसाला काहीतरी करावं लागते. कुठं अर्ज, कुठं रांग. एक कोपरा असा असू दे की जो वाचून त्याला काहीच करावं लागणार नाही."

तुम्ही मला रागावलात ते वेगळ्याच कारणानं. एका रविवारी तुमचा मजकूर दोन ओळी कमी पडत होता, म्हणून मी शेवटी आपल्या मनानं जोडलं, "असे शास्त्रज्ञांचे ठाम मत आहे." सोमवारी तुम्ही पहिल्या गाडीनं यवतमाळला हजर. सगळ्या ऑफिससमोर पेपर माझ्या टेबलावर पसरून तुम्ही त्या ओळीवर बोट ठेवलंत. "ठाम कोणी सांगतलं तुले? मले तर कोणी सांगतलं नाही. माहीत नसलं तर माहीत नाही असं लिहावं. जागाही कमी लागते." मी म्हटलं, "सर, जागा भरायचीच होती." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि चष्मा काढून हसायला लागलात. मग खालच्या टपरीवर मला चहा पाजून दुपारच्या गाडीनं परत गेलात.

त्या सगळ्या सदरांमधलं सगळ्यात चांगलं सदर तुमच्या घरच्या चुलीपुढे सुरू झालं. मी रविवारी राळेगावला आईकडे आले होते आणि सवयीनं तुमच्या घरी डोकावले. मागच्या पडवीत काकू चुलीपुढे बसल्या आहेत. गॅस आहे, पण सिलिंडर पुरवायचं म्हणून भाकरी चुलीवर. जळणाला कापसाच्या पऱ्हाट्या, वावरातून उपटून आणलेल्या, वाळून खडखडीत झालेल्या. नुकतंच आपल्याच आकाशगंगेच्या मध्यावरच्या विवरातून क्ष-किरणांचा भडका दिसल्याचं तुम्ही कुठेतरी वाचलं होतं, आणि तुमच्या पोटात ते मावत नव्हतं. "विवरातून तर उजेडसुद्धा बाहेर पडत नाही म्हणता," मी विचारलं, "मग भडका कशाचा दिसतो?" तुम्ही पऱ्हाटीची एक काडी उचललीत, बोंडाच्या सुकलेल्या टरफलासकट, आणि काकूंच्या खांद्यावरून चुलीत टाकलीत. जाळ भस्सकन तव्याच्या वर आला. "हे पाह्य. चूल दिसत नाही असं समज. नुसता अंधार. पण काडी पडली की समजते का नाही, तिथं काहीतरी आहे? भडका चुलीचा नाही, काडीचा आहे. वायू, धूळ, एखादा दगडधोंडा, जे काही त्या विवराकडं ओढलं जाते ते पडायच्या आधी असं तापते की त्यातून क्ष-किरण निघतात. एकदा आत गेलं की मग संपलं." काकू मान मागे न वळवता म्हणाल्या, "अन् माही भाकर जळली ते कोण लिहिन पेपरात?" तुम्ही म्हणालात, "ते बी लिहितो." काकू म्हणाल्या, "कायले लिहिता, खा आता तेच."

त्या आठवड्याचं पाकीट मी स्टँडवरच्या बाकावरच फोडलं. चूल होती, काडी होती, जळलेली भाकरीसुद्धा होती. आणि शेवटी ते वाक्य होतं: "हा मजकूर तुम्ही वाचत असाल तेव्हा त्या भडक्यातले काही किरण तुमच्या अंगणातून, तुमच्या उभ्या पऱ्हाटीतून शांतपणे आरपार जात असतील, एवढ्या लांबून निघालेला पाहुणा, आणि आपल्याला त्याची चाहूलही नाही." मी त्यात कानामात्राही बदलला नाही. रविवारी तो मजकूर छापून आला आणि आठवडाभर लोक त्याबद्दल बोलत राहिले. मोर्चाची बातमी द्यायला आलेल्या माणसानंही जाता जाता विचारलं, "ते पाहुण्याचं कोणी लिव्हलं जी?" टोमणे मारणारे आमचे मुख्य वार्ताहरही ते पान घडी करून घरी घेऊन गेले.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास राळेगावकडच्या काही वावरांत पऱ्हाटी लाल पडली. आधी पानांच्या कडा, मग सगळं पान. पात्या, त्या कोवळ्या कळ्या, गळाल्या, बोंडं बोराएवढी होऊन थांबली. सगळ्यांची नाही, एकाच नव्या बियाण्याची. ते बियाणं गावातल्या एकाच कृषी केंद्रातून, बी-खतांच्या दुकानातून, विकलं गेलं होतं. लोकांनी तक्रार केली, आणि पंचनामा ठरला. पंचनाम्यात दोष बियाण्याचा निघाला तर कंपनीला भरपाई द्यावी लागणार होती. नैसर्गिक कारण लिहिलं गेलं तर विषय तिथेच संपणार होता, आणि त्या वर्षी कित्येक घरांत त्या पिकाशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी तुमच्या ओसरीवर बसलेली असताना ती बाई आली. राळेगावजवळच्या तांड्यावरची, तिचा मुलगा तुमच्या हाताखाली शिकून वणीला कोळशाच्या ट्रकवर लागला होता, आणि वावर ती एकटी पाहायची. हातात मुळासकट उपटलेलं लाल झाड.

"गुरुजी, वळखलं का जी?"

"तुले कोण विसरते? तुह्या पोराचे कान धरू धरू माहे हात दुखले. बस."

"बसाले नाई आली. इचाराले आली." तिनं झाड ओसरीवर ठेवलं आणि ओटीतून एक कार्ड काढलं. तुमचं सदर. कात्रण लॅमिनेट केलेलं, वरच्या बाजूला टांगायला भोक पाडून दोरा ओवलेला, आणि शेवटच्या वाक्याखाली लाल पेनाची रेघ. कृषी केंद्राच्या दुकानदारानं ते काउंटरवर टांगलं होतं. जो तक्रार घेऊन येईल त्याला तो ते वाचून दाखवायचा, की बियाणं चांगलंच आहे, पण आकाशातून क्ष-किरणांचा भडका झाला, तो पऱ्हाटीतून गेला, आणि हे माझं म्हणणं नाही, सरांचं आहे.

"तो देत नव्हता जी हे," बाई म्हणाली. "म्हणलं, गुरुजीले दाखवून आणते. तरी देत नव्हता. मंग मी तिथंच बसून राह्यली दुकानात. गिऱ्हाईक येईनात, तवा देल्लं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "हे तुमीच लिवलं ना?"

"मीच."

"मंग खरंच अशीन. पण मले येक समजत नाई. माह्या धुऱ्याच्या तिकून दिराचं वावर हाय. त्यानं दुसऱ्या बियाण्याची बॅग लावली. त्याची पऱ्हाटी हिरवीगार उभी हाय. हे किरणं का धुरा पाहून उतरले जी?"

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती. तुम्ही लिहिलं आहे म्हणजे त्याला काहीतरी उत्तर असणार, ते आपल्याला कळत नाही एवढंच, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. तुम्ही कार्ड हातात घेतलंत. वाचताना तुमचे ओठ हलत होते, वर्गात पेपर तपासताना हलायचे तसे. काकू पाणी घेऊन आल्या आणि तांब्या हातात धरून उभ्याच राहिल्या.

"बाई, हे चूक आहे," तुम्ही म्हणालात.

"काय चूक हाय?"

"हे किरण खाली येतच नाहीत. वरच्या हवेतच अडतात. म्हणून तर ते पाह्याले दुर्बीण पार वर सोडावी लागते. तुह्या वावरापर्यंत, माह्या वावरापर्यंत, कोणाच्याच वावरापर्यंत ते आले नाहीत. अन् येऊ शकत नाहीत."

"मंग लिवलं काहून?"

तुम्ही कार्ड उलटं करून मांडीवर ठेवलंत. तुम्हाला हे माहीत नव्हतं असं थोडंच होतं. वर्षानुवर्षं फळ्यावर तुम्हीच ते काढून दाखवलं होतं, पृथ्वीचा गोल, भोवती हवेचं कडं, आणि कड्यावर येऊन थांबणारे बाण. "चांगलं वाटलं म्हणून," तुम्ही म्हणालात.

"बापा! चांगलं वाटलं म्हून?" ती हसायलाच लागली, तोंडाला पदर लावून, अगदी मनापासून. मग एकदम थांबली. "परवा पंचनामा हाय, गुरुजी."

ती गेल्यावर ओसरीवर काय बोलणं झालं ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण त्यातलं निम्मं मी बोलत होते. मी म्हटलं, सर, रविवारी खुलासा देऊ. चौकटीत देऊ, ठळक देऊ, मी स्वतः लावते. तुम्ही म्हणालात, "पंचनामा रविवारच्या आधी आहे. अन् खुलासा कोण लॅमिनेट करते?" काकूंनी वेगळी वाट काढली. "कृषी अधिकारी तुमचाच विद्यार्थी. चहाले बोलवा घरी. सांगा त्याले काय सांगायचं ते. चार लोकांत जायची काय गरज हाय?" ही वाट खरोखर सोपी होती. त्या तालुक्यात कोण तुमचा विद्यार्थी नव्हता? बँकेत, तहसिलीत, दवाखान्यात, कुठल्याही टेबलापलीकडे तुमच्या हाताखालचं कोणीतरी बसलेलं असायचं. "सरांनी सांगितलं" म्हटलं की राळेगावात वाद मिटायचा. घरात बोलावून दोन वाक्यं सांगितली असती तर अधिकाऱ्यानं ऐकलं असतं, आणि तुमचं नाव जिथल्या तिथे राहिलं असतं. तुम्ही ते उपटलेलं झाड उचलून भिंतीशी ठेवलंत. मग म्हणालात, "लिहिलं तर चारचौघांतच होतं ना."

पंचनाम्याच्या दिवशी तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आहे, शाळेत तपासणी असली की घालायचे तसा. मी तुमच्यासोबत आहे. माझी रजा संपली होती, पण बातमी घेऊन येते असं मी ऑफिसला फोनवर कळवलं. वावरात तांड्यावरची माणसं जमली आहेत, काही बाया धुऱ्याच्या बांधावर बसल्या आहेत. अधिकारी मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून उभा. दुकानदार निंबाच्या सावलीत, बाकीच्यांपासून थोडा लांब. तुम्हाला पाहून अधिकारी धावत आला, पाया पडला, आणि कोणालातरी ओरडून म्हणाला, "अरे, खुर्ची आणा सरांसाठी!" प्लास्टिकची खुर्ची आली. तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवून उभेच राहिलात.

"कारण काय लिहून राह्यला?"

"लिहिलं नाही सर अजून. म्हणजे... नैसर्गिक... आकाशीय..." तो चाचरला.

दुकानदार पुढे आला. "सर, मी काय खोटं बोललो? तुमचंच वाक्य आहे. मी त्यात माह्या मनाचा एक शब्द नाही घातला."

"नाही घातला. वाक्य माहंच आहे. अन् तेच चूक आहे." मग तुम्ही अधिकाऱ्याकडे वळलात, आणि तुमचा आवाज एकदम नववीच्या वर्गातला झाला. "आकाशातून क्ष-किरण आले तर हवा त्यांचं काय करते?"

"अडवते, सर."

"मग जमिनीवर?"

"येत नाहीत, सर."

"म्हणजे माहीत होतं तुले?"

"हो, सर."

"मग इतके दिवस कोणाले सांगतलं काहून नाही?"

तो खाली पाहत म्हणाला, "तुम्ही लिहिलं होतं ना, सर."

मागच्या गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "म्हंजे गुरुजीबी नापास?" आणि एक मोठा हशा उठला. मी तुमच्याकडे पाहिलं नाही, मला पाहवलं नाही. तुम्ही म्हणालात, "हो रे बाबा. या पेपरात नापास." पुन्हा हशा झाला, पण हा वेगळा होता. तांड्यावरची ती बाई मागे वळून करवादली, "दात कायले काढता बे? गुरुजी येवढ्या उन्हात आले, अन् तुमाले तमाशा वाटून राह्यला?"

तुम्ही अधिकाऱ्याला तिथेच लिहायला लावलंत, की पेपरात छापून आलेलं वाक्य चुकीचं होतं, क्ष-किरणांचा पिकाशी काहीही संबंध नाही, आणि हे ते वाक्य लिहिणारा माणूस स्वतः सांगतो आहे. तो म्हणाला, "सर, तुमचं नाव कायले टाकता? मी असंच लिहितो ना." तुम्ही म्हणालात, "त्या वाक्याखाली नाव होतं. मग याच्याही खाली टाक." आणि खुर्चीच्या पाठीवर कागद ठेवून सही केलीत.

निघताना दुकानदार धुऱ्यावर डोक्याला हात लावून बसलेला दिसला. तुम्ही त्याच्याजवळ थांबलात. मला वाटलं तुम्ही त्याला दोन शब्द सुनावणार. तोच आधी बोलला. "सर, कंपनीवाला फोन उचलत नाही. रोज लोक येते दुकानात, शिव्या देते. मी तरी काय सांगू त्यायले? तुमचं ते वाचलं तर मले वाटलं, सरांनी वाचवलं आपल्याले." मग म्हणाला, "माह्या वावरातबी तेच बियाणं आहे, सर." तुम्ही त्याच्या शेजारी, इस्त्रीच्या कपड्यांनिशी, धुऱ्यावर बसलात. तुम्ही दोघं काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. गाडीची वेळ होऊन गेली, आणि आपण पुढची गाडी पकडली.

पुढे बियाण्याचे नमुने तपासायला गेले, अहवाल यायला बरेच महिने लागले, आणि भरपाई मिळाली ती लोकांनी धरलेल्या आशेपेक्षा कमी. पण मिळाली. मी ती बातमी लावली, एका स्तंभात. तुमचा खुलासा त्या रविवारी चौकटीत आला, आणि त्यानंतर संपादक म्हणाले की सरांना थोडे आठवडे विश्रांती देऊ. ते वाईट माणूस नव्हते. वाचक पत्रं लिहीत होते, काही चांगली, काही खोचक, आणि रोजच्या त्या चौकटीच्या काळात त्यांना आणखी एक भांडण नको होतं. थोड्या आठवड्यांचे खूप आठवडे झाले. तुमच्या जागी राशिभविष्य आलं. त्याच्या खुलाशाची गरज कधी कोणाला पडली नाही. सवयीनं मी पहिले काही दिवस स्टँडवर जात राहिले. कंडक्टर चाचा गाडीतून उतरून रिकामे हात दाखवायचे. "आज आसमान साफ है, बेटा."

राळेगावच्या चहाच्या टपरीवर तुम्हाला काय ऐकावं लागलं ते तुम्ही मला कधी सांगितलं नाही. काकूंनी सांगितलं. "सर, आज किरणं किती आले?" असं पोरं विचारायची, त्यांच्यातली निम्मी तुमच्याच विद्यार्थ्यांची पोरं. वाईट मनानं नाही विचारायची. पण तुम्ही टपरीवर जाणं सोडलंत. ज्या गावात तुमच्या एका शब्दावर वाद मिटायचा, त्या गावात आता तुम्ही काही म्हणालात की लोक म्हणायचे, पाहून घेऊ. तुम्ही काकूंना म्हणाला होता, "चांगलंच आहे, पाहून घ्यायले लागले." काकूंना त्यात काही चांगलं दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा दिसलं नाही.

मी तुम्हाला शेवटची भेटले ती हिवाळ्यात, तुरीच्या दिवसांत. तांड्यावरच्या त्या बाईनं शेंगांची पिशवी पाठवली होती, ती दर वर्षी पाठवायची, आणि काकूंनी त्या मीठ घालून उकडल्या होत्या. आपण ओसरीवर बसून सोलत होतो. मी नागपूरच्या मोठ्या पेपरात लागले होते, विज्ञानाचं पान माझ्याकडे आलं होतं, आणि तुम्ही मला एकेका शब्दाबद्दल प्रश्न विचारत होता. मग काकू आत गेल्या. तुम्ही दाराकडे पाहिलंत, जरा पुढे झुकलात, आणि हळूच विचारलंत, "पण वाक्य म्हणून कसं होतं?" कुठलं वाक्य ते विचारायची गरज नव्हती. मी तुमचीच विद्यार्थिनी. मी म्हटलं, "सर, ते चूक होतं." तुम्ही मान डोलावलीत. "बरोबर," म्हणालात, आणि पुढची शेंग हातात घेतलीत. पावसाळ्याआधी तुम्ही गेलात.

आता संध्याकाळ होत आली आहे आणि माझं अर्धं पान लिहून झालं आहे. भडके क्ष-किरणांचे आहेत आणि ते आपल्या हवेतच अडतात, हे मी दुसऱ्याच वाक्यात टाकलं. मग पडता पडता तापणाऱ्या वायूचं लिहिलं, चूल मात्र घेतली नाही. हे भडके इतक्या नेमानं का उडतात त्याबद्दल दोन-तीन तर्क आहेत. ते दिले आणि खाली लिहिलं, नक्की माहीत नाही. लेखात चूक नाही. मी दोनदा तपासला. हे पत्र मी त्याच फाइलमध्ये लेखाच्या खाली टाइप करत आले आहे, आणि पान पाठवण्याआधी तुम्हाला लिहिलेलं हे सगळं काढून टाकणार आहे. नवी मुलगी पलीकडून विचारते आहे, मॅडम, झालं का.

वाक्य चांगलं होतं, सर. मी इतकी वर्षं बिनचूक लिहिते आहे, आणि माझं एकही वाक्य अजून कोणी दोरा ओवून दुकानात टांगलेलं नाही.